टक्केवारीच्या खाली कोण आहे ते बघा की

निवडणूक झाली की सोलापुरात एकच रडगाणं सुरू होतं. लोक आळशी झालेत, सुट्टी मिळाली की अक्कलकोट-तुळजापूर गाठतात, शिकलेलेच मत देत नाहीत वगैरे. 2024 च्या लोकसभेला आपल्याकडचं मतदान साठ टक्क्यांच्या आतच राहिलं, तेव्हाही हेच ऐकलं. ऊन होतं हे खरं, सात मे होता. पण सगळं खापर आळसावर फोडणं मला पटत नाही.

टक्केवारी म्हणजे भागाकार. वर मत दिलेले, खाली यादीतले. वरच्या आकड्यावर सगळे तुटून पडतात आणि खालचा कुणी उघडून बघत नाही. आमच्या गल्लीतलं एक घर सांगतो. यादीत नावं सहा. आजोबा वारलेले, दोघी आत्या लग्न होऊन लातूर आणि विजापूरला, थोरला मुलगा हिंजवडीत. घरात राहतात फक्त आई-वडील, आणि दोघंही सकाळी उन्हाच्या आत मत देऊन आले. तरी हिशेबात हे घर तेहतीस टक्के!

केंद्राध्यक्षाकडं एएसडी यादी असते: गैरहजर, स्थलांतरित, मयत. म्हणजे यंत्रणेला हे माहीत असतं. पण नाव काढायला फॉर्म 7 लागतो, आणि घरातलं माणूस गेल्यावर दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत कुणाला सुचणार ते? मग ते नाव पुढच्या निवडणुकीतही खालच्या आकड्यात बसून राहतं.

आता तो हिंजवडीतला. सोलापूरचं मतदान मंगळवारी, 7 मेला. पुण्याचं 13 मेला. कंपनीनं सुट्टी दिली ती तेराची. खरंतर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब प्रमाणं मतदाराला त्याच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी. पण प्रोबेशनवरचं पोरगं एचआरला कलम दाखवणार का बे? आदल्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं यायचं, मत द्यायचं आणि रात्रीच्या गाडीनं उभ्यानं परत जायचं. काहीजण करतातही. जे करत नाहीत त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरे आळशी आहेतच, हाकेच्या अंतरावर केंद्र असून न उतरणारे. त्यांची बाजू मी घेत नाही. पण ते नेमके किती, हे त्या एका टक्केवारीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

वजनकाट्याचंही तेच, आकडा दिसतो पण त्यात काय काय धरलंय ते दिसत नाही. माझ्या रूम पार्टनरनं भात-भाकरी बंद केली, चार दिवसांत काटा दोन किलो खाली, आणि अख्ख्या अभ्यासिकेत पेढे वाटायचे तेवढे बाकी! शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्बोहायड्रेट तोडले की आधी ते पाणी जातं, चरबी निवांत बसलेली असते. पुन्हा भाकरी खाल्ली की काटा वर. हा पठ्ठ्या मंगळवेढ्याची ज्वारी सोडून शेंगा चटणी मात्र वाटीभर खात होता, 'प्रोटीन आहे' म्हणून. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. असो, चटणीवर जास्त बोललो तर सोलापुरात राहू देणार नाहीत.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे मी आयबीची, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्यातल्या भरतीची, तयारी करतोय. घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "पिस्तूल देतात का रे?" मित्रांना काळा चष्मा आणि परदेश दिसतो. प्रत्यक्षात एसीआयओ या तिथल्या अधिकारी पदाचा पेपर म्हणजे वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट, नंतर वर्णनात्मक लेखन आणि मुलाखत. तिथल्याच सिक्युरिटी असिस्टंट पदाला तर स्थानिक भाषेतून इंग्रजीत आणि उलट भाषांतर करायला लावतात. कन्नड-तेलुगू-मराठी कानावर घेत वाढलेल्या सोलापूरच्या पोरांनी हे मनावर घ्यायला हवं. बहिर्जी नाईकांचे फोटो स्टेटसला ठेवणारे भरपूर आहेत. पण मला या नोकरीत ओढ वाटते ती टेबलावरच्या कामाची. आलेला आकडा कुणी मोजला, कशातून आला, त्यात कोण धरलंय आणि कोण सुटलंय, हे विचारत बसायचं. वर पाठवायच्या अहवालात 'लोक आळशी आहेत' असं लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकतील, आणि बरोबरच करतील.

तर कट्ट्यावरच्या मंडळींनो, पुण्यात कायमचे झाला असाल तर फॉर्म 8 भरून नाव तिकडं न्या. हॉस्टेलवाल्यांना हॉस्टेलच्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं. आणि सात मेला कुणाच्या कंपनीनं खरोखर सुट्टी दिली होती ते कमेंटमध्ये टाका, कंपनीचं नाव नको. मला फक्त किती हात वर होतात ते बघायचंय.