शेतीचा दर्जा मिळाला, आता खळ्याचं बोला

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला तेव्हा आमच्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) ग्रुपांवर दोन दिवस नुसते हात जोडलेले आणि फुलांचे मेसेज. विजेचा दर, कर्ज, विमा, सगळं शेतकऱ्यासारखं मिळणार म्हणाले. मिळू दे, चांगलंच आहे. मला फक्त एक विचारायचंय. शेतकऱ्याला खळं लागतं हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही, मग कोळ्याच्या खळ्याला, म्हणजे मासळी सुकवायच्या जागेला, कागदावर ‘मोकळी जागा’ का म्हणतात?

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे, मढला, उत्तनला जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड प्रवाहाकडे. पाणी जोरात वाहिलं की म्हावरं आपसूक आत येतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. यातला बोंबील फार नाजूक, अंगात निम्म्याहून जास्त पाणीच. आला त्या दिवशी विकायचा, नाहीतर सुकवायचा. बायका तो धुतात आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात. हे बघायचं असेल तर जवळ उभं राहून बघा. एक बोंबील डाव्या हातात, दुसरा उजव्या, आणि बोटांनी तोंडं उघडून दातांत दात. गाठ नाही, दोरा नाही, काही नाही. ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबू रोवून केलेल्या मांडणीच्या, दोरीवर टाकली की वारा कितीही सुटू दे, खाली पडत नाही. माझी मावशी गप्पा मारता मारता पाटीच्या पाटी रिकामी करते, हाताकडे बघतसुद्धा नाही. मी करायला गेले की दात माझ्याच बोटांत.

जवळा, करंदी खाली पसरायची. मग एकसारखी वरखाली करायची, कावळे हाकायचे, कुत्री हाकायची. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद, तेव्हा घर चालतं ते या सुक्यावर. बाजारात सुकं घेऊन बसते ती बाईच आणि त्या पैशाचा हिशेबही तिच्याकडेच.

आता गंमत बघा. डोल चालते ती उधाणाच्या पाण्यावर, पुनवेच्या नि अवसेच्या आसपास. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी मंद, म्हावरं कमी, वलांड्या अर्ध्या रिकाम्या. (आमच्याकडे भरतीची वेळ बघायला मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. थोडं मागेपुढे.) पावसाळ्यात वलांड्या उतरवतात आणि त्याच जागेवर होड्या ओढून शाकारून ठेवतात, तिथेच बसून जाळी तुणतात. म्हणजे जमीन एकच, पण तिला वर्षभर उसंत नाही. आणि कोळीवाड्याच्या सीमांकनासाठी मोजणीची माणसं आली नेमकी भांगाच्या दिवसांत, दुपारी, जेवणाच्या वेळेला. त्यांना दिसलं काय, तर चार बांबू आणि झोपलेलं कुत्रं. घरं मोजली, गल्ल्या मोजल्या. आईने खळ्याचं विचारलं तर साहेब म्हणाले, यावर बांधकाम नाही ना. आई म्हणाली, “मंग म्हावरा काय गच्चीवर सुकवू?” ते हसले. लिहून मात्र काहीच घेतलं नाही.

त्या साहेबांवर माझा राग नाही, कागदच तसे आहेत. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम सांगणाऱ्या २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचा खास उल्लेख होता, पण त्यात बोलणं होतं ते मुख्यतः राहत्या घरांच्या बांधकाम-पुनर्बांधणीचं. कोळीवाडा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घरच येतं. खरं तर घर आमच्यात झोपायला. बाईचा दिवस खळ्यावर, पुरुषाचा बोटीवर.

आणि मग वारसा. हल्ली हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. भिंतींवर मासे रंगवले, कमान उभी केली, नारळी पुनवेला कॅमेरे घेऊन अर्धी मुंबई हजर. मीही लुगडं नेसून, दागिने घालून पालखीपुढे नाचते, मला आवडतं ते. फूड फेस्टिव्हलला स्टॉलही लावते. पण ज्या पोरांना आमचं लुगडं ‘हेरिटेज’ वाटतं, त्यांच्याच टॉवरमधून सुक्या मासळीच्या वासाच्या तक्रारी येतात. फ्लॅट घेताना सी-व्ह्यूचे जास्तीचे पैसे आनंदाने मोजलेत, तर वास त्यातच आला असं समजा ना.

“शहर वाढणार, कुठेतरी जागा सोडावी लागणारच,” असं आमच्यातलेच काही शिकलेले म्हणतात. मला ते पटत नाही. वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या वेळी सांगितलं की पुलाच्या खांबांमधल्या ६० मीटरमधून बोटी सुखरूप जाणार नाहीत. बरीच वर्षं भांडले, आणि शेवटी ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. रस्ता झालाच की. आमची मागणी तर त्याहून सोपी आहे, नवीन काही बांधायचं नाही. जिथे वलांड्या लागतात, होड्या ओढतात, जाळी पसरतात, तेवढ्या जागेची सीमांकनात ‘मासळी सुकवण्याचं खळं’ अशी स्वतंत्र नोंद करा आणि ती जागा सगळ्या गावाच्या सामायिक वापराची ठेवा. एकाच्याच नावावर केली तर उद्या तोच बिल्डरला विकेल, हे आपल्या माणसांनाही तोंडावर सांगायला हवं.

आणि मोजणी ठेवायची तर पंचांग बघून ठेवा. थंडीत, पुनवेनंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी. बोंबलांच्या रांगांतून टेप धरून चालून दाखवा म्हणावं.

सातपाटी, अर्नाळा, रेवदंडा, हर्णै, मालवण, कुठलेही असाल तरी एक कराल का? तुमच्या गावात मासळी सुकवायच्या जागेची कुठे नोंद आहे का, सातबाऱ्यावर, मच्छीमार सोसायटीच्या नावावर की ग्रामपंचायतीच्या दप्तरात, ते खाली लिहा. कागद असेल तर फोटो टाका, नावं नि नंबर झाकून. पुढच्या वेळी आई साहेबांकडे जाईल तेव्हा तिच्या हातात काहीतरी द्यायचंय.