दिवा विझला म्हणजे कॅमेरा जुळला असं नाही

गणपतीच्या तोंडावर गावी निघणाऱ्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: 'लेन सुटल्याचा इशारा देणारा सेन्सर बिघडला तर शोरूमला पैसे देऊ नका. तो साधा सेन्सर असतो. त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा काढून आणा, भंगारातला म्हणजे कंपनीचाच ओरिजिनल. कपलर (वायरींचा जोड) लावा, मीटरमधला दिवा गेला की काम झालं. कॅलिब्रेशन, म्हणजे पार्ट गाडीशी जुळवून घेण्याचं काम, ही निव्वळ लूट आहे. आणि तसंही कोकणात लेन आहेतच कुठे?'

मी रत्नागिरीजवळ हातखंबा तिठ्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. जुन्या पार्टला माझा विरोध नाही. स्टार्टर, आल्टरनेटर, काचेच्या मोटारी असे कितीतरी जुने पार्ट मी स्वतः बसवले आहेत आणि ते वर्षानुवर्षं चालले आहेत. पण हा मेसेज वाचून कोणी जुना कॅमेरा नुसता अडकवून रात्रीच्या महामार्गावर निघणार असेल, तर मला गप्प बसवत नाही.

'साधा सेन्सर असतो.' पूर्वी युरोपात सिट्रोएनच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरखाली इन्फ्रारेड सेन्सर असत, ते खाली रस्त्यावरचा पट्टा ओळखत. आज आपल्याकडे जे येतं ते बहुतेक वेळा समोरच्या काचेला, आरशामागे बसवलेला कॅमेरा असतो आणि त्याच डबीत छोटा संगणक असतो. तो पट्टे शोधतो, गाडीचा वेग आणि स्टिअरिंगचा कोन वाचतो, तुम्ही इंडिकेटर दिलाय का ते बघतो आणि मग ठरवतो की गाडी चुकून सरकते आहे की तुम्ही मुद्दाम वळताय. 2021 पासून ॲस्टर, एक्सयूव्ही 700 आणि पुढे सिटी हायब्रिड, व्हर्ना, हॅरिअर अशा गाड्यांतून ही यंत्रणा आपल्या आसपास आली. त्यामुळे 'त्याच मॉडेलचा' एवढं म्हणून भागत नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो, कारण त्याच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटमध्ये कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. बऱ्याच गाड्यांत कॅमेऱ्यात चासी नंबर लिहिलेला असतो. तो बदलून तुमच्या गाडीचं कोडिंग स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने, करावं लागतं, आणि काही कंपन्यांच्या गाड्यांत ते बाहेरच्या स्कॅनरने होतच नाही. पार्ट विकत घेण्याआधी हे विचारून घ्या, नंतर नाही.

आता मुख्य गोष्ट, 'दिवा गेला की काम झालं' आणि 'कॅलिब्रेशन ही लूट'.

दिवा एवढंच सांगतो की गाडीला कॅमेरा सापडला आणि त्याने स्वतःची तक्रार केलेली नाही. तो कॅमेरा नेमका कुठे बघतो आहे, हे दिवा सांगत नाही. एक हिशोब घरी करून बघा. कॅमेऱ्याची नजर एका अंशाने बाजूला गेली, तर 50 मीटरवर चूक होते सुमारे 87 सेंटिमीटर. 100 मीटरवर ती पावणेदोन मीटर. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे अर्धी लेन गेली. एक अंश डोळ्यांना दिसत नाही. काचेवरच्या ब्रॅकेटमध्ये डबी जराशी तिरकी बसली तरी तेवढा फरक पडतो.

म्हणून कॅलिब्रेशन. ते दोन प्रकारे होतं, कुठल्या गाडीला कुठलं ते कंपनी ठरवते. एकात गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर नक्षीचा फलक उभा करतात. त्याला सपाट जमीन लागते. आपल्या चिऱ्याच्या अंगणात ते जमणार नाही, हे मी माझ्याच अंगणाकडे बघून सांगतो. टायरची हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी. मागे आंब्याच्या चार पेट्या असल्या तरी गाडीचं नाक वर होतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघतो. दुसऱ्या प्रकारात स्कॅनर जोडून ठरलेल्या वेगाने, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवावी लागते. जुलैच्या धारेत हे काम मी घेतच नाही, कारण पट्टे दिसतच नाहीत. अशा वेळी गिऱ्हाइकाला कोल्हापूरला जायला सांगतो, आंबा घाट उतरून आलेला माणूस परत वर पाठवताना वाईट वाटतं, तरी सांगतो.

गेल्या मे महिन्यात पावसच्या बाजूचे एक बागायतदार आले होते. दुसरीकडे कोणीतरी जुना कॅमेरा बसवून दिला होता, दिवा विझला होता, सगळं छान. पण पाली ओलांडून लांज्याकडे जाताना स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढत होतं. ते म्हणाले, "दादा, अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही." चाकांत दोष नव्हताच. त्यांच्या गाडीत ही यंत्रणा नुसता इशारा देत नाही, स्टिअरिंगही वळवते. कॅमेऱ्यात आधीच्या गाडीची मापं तशीच राहिली होती, त्यामुळे गाडी मधोमध असताना तो समजत होता की ती उजव्या पट्ट्यावर चढते आहे. शेजारी काका झोपलेले, मागे नातवंडं, आणि यंत्र गाडीला कडेच्या गटाराकडे ढकलतं आहे. बंद कॅमेरा निदान काही करत नाही. चुकीचा जुळलेला कॅमेरा आत्मविश्वासाने चूक करतो.

'भंगारातला म्हणजे कंपनीचाच ओरिजिनल.' ओरिजिनल खरा, पण तो कुठून आला? चिपळूण आणि महाड 2005 मध्ये बुडाले, पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये बुडाले. अशा पुरातल्या गाड्या सुट्या होऊन बाजारात जातात. पाण्यातून निघालेली डबी वाळवली की सुरू होते, आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढत काही महिन्यांनी मरते. खाऱ्या वाऱ्यात ते लवकर होतं. दुसरी गोष्ट बुरशी. आपल्याकडे कपाटातल्या चामडी पट्ट्यावर जशी येते तशी ती भिंगावरही येते. म्हणून मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून असो की आणखी कुठून, कॅमेरा हातात घेतल्यावर भिंग उजेडाकडे धरून बघा, पिना बघा, ब्रॅकेटच्या खाचा तुटल्यात का बघा, कारण समोरून ठोकलेल्या गाडीत काचेलाही धक्का बसलेला असू शकतो. बिल घ्या.

'कोकणात लेन आहेत कुठे?' घाटात, गावातल्या रस्त्यावर नाहीत, खरं आहे. तिथे यंत्रणा गप्पच असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती साधारण 60 च्या वेगाखाली जागीही होत नाही. पण चौपदरी झालेल्या 66 नंबरच्या महामार्गावर पट्टे आहेत, आणि रात्रभर मुंबईहून चालवत आलेल्या माणसाला पहाटे झापड येते ती तिथेच. शिवाय अनेक गाड्यांत हाच कॅमेरा आपोआप ब्रेक लावण्यासाठीही वापरतात. लेनचा इशारा नको म्हणून दुर्लक्ष केलंत, तर ब्रेकचंही दुर्लक्ष झालं.

आणि मेसेजमध्ये जे मुळीच नाही ते: पार्ट खरंच गेलाय का? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा कॅमेरा शाबूत असतो. काच आतून धुरकट झालेली असते, आरशाजवळ देवाचं चित्र चिकटवलेलं असतं, बॅटरी उतरलेली असते, किंवा मधे काच बदलली आणि नंतर कोणी कॅलिब्रेशन केलंच नाही. आधी काच आतून-बाहेरून पुसा, बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या, आणि स्कॅनरवर आलेला बिघाडाचा कोड कागदावर लिहून मागा. तो कोड हातात आल्याशिवाय कुणालाही जुन्या कॅमेऱ्याची ऑर्डर देऊ नका.