मोबाईल नसलेल्या मुलांचं काय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणजे धडा मुलांनी आधी घरी व्हिडिओवर बघायचा आणि वर्गातला वेळ शंका-चर्चेला ठेवायचा. त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. दहा बाय दहाच्या खोलीत एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर जातो, मग पोरं व्हिडिओ बघणार कधी? आणि शिकवणं व्हिडिओवर ढकललं, तर शिक्षकाने पगार कशाचा घ्यायचा?

मोबाईलचं अगदी खरं आहे. मी गोवंडीत शिकवते. माझ्या बऱ्याच मुलांच्या हातात फोन येतो तो रात्री, दिवसाचा डेटा संपल्यावर. म्हणून घरच्या व्हिडिओवर मी काहीच अडवून ठेवत नाही. पुस्तकाची दोन पानं वाचून वहीत एक शंका लिहून आणायची, बस्स. ज्यांना तेही जमत नाही ते पहिली दहा मिनिटं वर्गातल्या टीव्हीवर धडा बघतात; तोवर मी बाकीच्यांच्या शंका वाचते. मुळात ही पद्धत गाजली ती 2007 च्या सुमारास, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क गावच्या शाळेतून. स्पर्धांसाठी बाहेरगावी जाणाऱ्या मुलांचे तास बुडायचे, म्हणून बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपले धडे रेकॉर्ड केले. घरी इंटरनेट नसलेल्यांना त्यांनी डीव्हीडी दिल्या होत्या.

आता पगाराचं. नववीचा 'धाराविद्युत' धडा घ्या. फळ्यावर एक सेल आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकापुढे एक, दोन सारखे बल्ब काढायचे. जास्त कोणता उजळेल? बोटं वर करा : पहिला, दुसरा की दोन्ही सारखे. ओहमचा नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा 'पहिला' म्हणतात. का, तर "दुसऱ्यापर्यंत करंट उरतच नाही, टीचर." मी उत्तर सांगत नाही. ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवून दे, म्हणते. वर्गात नुसता गलका होतो. मग पुन्हा बोटं, मग प्रत्यक्ष जोडणी. कुणीतरी सेल उलटा लावून बघतं, कारण आता 'पहिला' बल्ब बदलायला हवा ना! दोन्ही तसेच, एकसारखे उजळतात. हार्वर्डचे एरिक मझूर 1990 च्या दशकापासून भौतिकशास्त्र याच धाटणीने शिकवत आले आहेत.

मी पस्तीस मिनिटं फळ्यापाशी बोलत राहिले असते, तर "करंट उरत नाही" हे वाक्य माझ्या कानावर कधी आलंच नसतं. पोराच्या डोक्यात नेमकं काय बसलंय ते ऐकणं आणि तिथे हात घालणं, हे कुठलाही व्हिडिओ करू शकत नाही. पगार त्याचाच.

सगळेच धडे असे घेता येत नाहीत. पोर्शन संपवायचा असतो, काही व्याख्या मी सरळ फळ्यावर लिहून देते.

एक विनंती आहे. संगणक खोली शाळा सुटल्यावर तासभर उघडी राहिली, तर मोबाईलचा प्रश्न पुष्कळ हलका होईल. पण आमच्याकडे सकाळ-दुपार अशी दोन अधिवेशनं, एक सुटलं की दुसरं भरतं. तुम्ही मुख्याध्यापक असताना दोन अधिवेशनांच्या शाळेत अभ्यासिका चालवल्याचं लिहिलंय. खोली आणि माणूस, दोन्ही कसं जमवलंत ते जरूर कळवा.