गार येतंय, एकदम ओके

बिलावर लिहिलंय, 'एसी गॅस भरला. कूलिंग चेक. ओके.' आता माझी तक्रार काय होती, तर हीटर लावला की गार हवा येते. गॅरेजमधल्या पोराने व्हेंटसमोर हात धरला आणि त्याचा चेहराच खुलला. "काका, मस्त गार येतंय की!" मी म्हटलं अरे तेच तर सांगतोय, तर म्हणे मग प्रॉब्लेम काय आहे? डिसेंबरात. निफाडमध्ये. आणि वर काका.

ज्यांना निफाडची थंडी माहीत नाही त्यांनी एकदा येऊन बघा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात आणि तो 5 च्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो, म्हणजे शेकोटीचा. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात, कारण मणी तडकले की वर्ष गेलं. अशा गारठ्यात मला सकाळी नाशिकला जायचं असतं आणि बायको शेजारी कानटोपी घालून, "गाडी घेताना हीटर आहे म्हणाला होतात ना?" एवढं एकच वाक्य बोलून चांदोरीपर्यंत गप्प. त्यापेक्षा भांडलेली परवडते.

तर बिल घेऊन परत गेलो. मिस्त्री कुठल्यातरी ट्रकखाली होते, नुसते पाय दिसत होते. बाहेर बाकड्यावर एक नाना बसलेले, पिकअप दुरुस्तीला टाकलेली. अंगात शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जर्किन, कानटोपी आणि कानटोपीवर पुन्हा मफलर. हातात चहाचा ग्लास, पण पीत नव्हते, नुसता धरून बसले होते.

"काय झालं साहेब गाडीला?"

"हीटर चालत नाही."

"हिटर?" मी जणू गाडीला झोपाळा बसवून मागितला होता. "आपल्याकडं कशाला लागतो हिटर?"

मी त्यांच्या मफलरकडे बघितलं. त्यांना काही वाटलं नाही.

"अन् पेट्रोल खातो तो. अ‍ॅव्हरेज पडतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं बायको म्हणते, पण मला हे ऐकवत नाही. म्हटलं नाना, एसीला कॉम्प्रेसर फिरवावा लागतो म्हणून तो पेट्रोल खातो, हीटरचं तसं नाही. इंजिन तसंही तापतंच, त्याला गार ठेवणारं कूलंट त्यात तापतं आणि डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा मारतो, झालं. वाया जाणारी ऊब, फुकट.

"फुकट?" नाना हसले. "गाडीत फुकट काय असतं साहेब? हा तर हवा भरायचे पण पैसे घेतो."

याला उत्तर नाही.

"माझी चार एकर बाग हाये," नाना पुढे, "तिला कुठं हिटर हाये?"

"पण तिला तुम्ही शेकोटी करता ना रात्रभर?"

"ती एक्स्पोर्टची द्राक्षं हायेत साहेब."

म्हणजे मी लोकल माल. हे मला अजून लागतंय, खोटं कशाला बोलू.

मग बोनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून हीटरचे दोन पाइप आत जातात, ते चाचपून बरंच कळतं. दोन्ही कडक गरम असतील तर गरम हवेची वाट उघडणारा आतला फ्लॅप अडकलाय. एक गरम, एक गार असेल तर आतला रेडिएटर चोक, आमच्याकडे बोअरचं पाणी ओततात ना कूलंटच्या जागी, त्याची कृपा. दोन्ही कोमट म्हणजे ऊब मुळात पोचतच नाही. मी नीट हात लावायच्या आत नानांनी दोन्ही मुठीत धरले, चांगले वेळ धरून ठेवले (मला वाटतं शेकून बघत होते) आणि निकाल दिला, "दम नाही याच्यात." शिवाय हायवेला लागलं की टेंपरेचरचा काटा खाली खाली जायचा. थर्मोस्टॅट, दुसरं काय!

ट्रकखालचे पाय म्हणाले, "थर्मोस्टॅट? तो तर मीच काढलाय की मे महिन्यात. कसाऱ्याला तापली होती ना गाडी तुमची. आपल्याकडं नाही लागत तो."

मुठीत मावेल एवढा तो व्हॉल्व, आत मेण असतं, 80 ते 90 अंशांच्या मध्ये कुठेतरी वितळतं तेव्हा पुढच्या मोठ्या रेडिएटरची वाट उघडते. तोच नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून गार व्हायला पळतं, थंडीत हायवेला इंजिन धड तापतच नाही आणि गाडीचा कॉम्प्युटर बिचारा इंजिन गार आहे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. म्हणजे मे पासून मी पंपवाल्यावर संशय घेत होतो तो फुकटच.

"बघा!" नाना उठून उभे राहिले. "अ‍ॅव्हरेज पडतं म्हटलं नव्हतं?"

आपल्याकडे नक्की काय लागतं हे कोण ठरवतं मला कळलेलं नाही. थर्मोस्टॅट लागत नाही, कूलंट लागत नाही, हेल्मेट लागत नाही, इंडिकेटर तर वळून झाल्यावरही लागत नाही. पैसे मात्र सगळ्याचे लागतात. काढायची मजुरी मे मध्ये दिली, बसवायची आता दिली, नवीन व्हॉल्व आणि कूलंट वेगळं, आणि एसी गॅसचं विचारलं तर मिस्त्री म्हणतात तो आता आत गेला ना, बाहेर कसा काढू. यावर भांडायची माझी तयारी होती, पण तोपर्यंत कूलंट भरून, बुडबुडे जाईपर्यंत झाकण उघडं ठेवून गाडी चालू होती आणि ट्रायलला म्हणून नाना न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

चौफुलीपर्यंत गेलो. काटा मधोमध आला, आणि आली हो आली, गरम हवा! नानांनी आधी मफलर सोडला, मग कानटोपी, मग जर्किनची चेन. परत येईपर्यंत एक शब्द नाही. गॅरेजशी आल्यावरही उतरेनात. काच खाली करून हाक मारली, "मिस्त्री, आपल्या पिकअपला बसंल का हो हा?"

ट्रकखालून आवाज आला, "आपल्याकडं नाही लागत, नाना."