तरुण येत नाहीत म्हणे!

पुन्हा तेच! युवा परिषदेची बैठक कामाच्या दिवशी, सकाळी ११ वाजता. पोरं तेव्हा वर्गात नाहीतर कामावर. येणार कशी? आणि वर ऐकवायचं, ‘तरुणांना रसच नाही.’

मागच्या वेळी एक मुलगी बसथांब्यावरच्या अंधाराबद्दल चार पानं लिहून आली होती. दीड तास मोठ्यांची भाषणं. तिच्या तिसऱ्याच वाक्याला माइक काढून घेतला. कागदांची घडी घालताना तिचा चेहरा बघवेना.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम स्पष्ट सांगतं : मुलांचं म्हणणं ऐका, वय आणि समज पाहून त्याला वजन द्या. फोटोपुरतं उभं करणं म्हणजे ऐकणं नव्हे हो! बैठक संध्याकाळी ठेवा, विषय आधी कळवा. आणि त्या मुलीला आधी बोलू द्या.