महापौर गेल यांचा वाटा लेखात निसटला

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध १९५५-५६ मध्ये केलेल्या बस बहिष्कारावरचा लेख आवडला, पण तिथले महापौर डब्ल्यू. ए. गेल 'कायद्याने बांधलेले' होते, हे त्यातलं म्हणणं मुळीच पटत नाही. कृष्णवर्णीय महिलांच्या संघटनेच्या नेत्या जो ॲन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच त्यांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. सुरुवातीच्या मागण्या तरी किती साध्या! सौजन्याची वागणूक, कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक, आणि बसलेल्या कृष्णवर्णीयाला गोऱ्या प्रवाशासाठी उठवायचं नाही. वेगळी आसनं रद्द करा, असंही तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. तेवढंही गेलसाहेबांनी नाकारलं. जानेवारी १९५६ मध्ये ते वर्णभेदाचं समर्थन करणाऱ्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल'चे सदस्य झाले, समझोता झाल्याची खोटी बातमी पसरवली गेली, आणि मोलकरणींना गाडीतून ने-आण करू नका असं त्यांनी गोऱ्या गृहिणींना बजावलं. यातलं काय कायद्याने करायला लावलं होतं? बहिष्कार पाळत मैलोन् मैल पायपीट करणाऱ्या त्या कृष्णवर्णीय बायकांचा मला फार अभिमान वाटतो. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन, सुझी मॅकडोनाल्ड आणि मेरी लुईस स्मिथ यांनी बसमधल्या वेगळ्या आसनांविरुद्ध केलेल्या खटल्यात प्रतिवादी म्हणून पहिलं नाव गेल यांचंच होतं. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयात ते हरले. या चौघींची नावं लेखात यायलाच हवी होती.