कियांग आणि शापो यांच्याविषयी
लडाखच्या सस्तन प्राण्यांवरील या लेखात कियांगला कच्छच्या रणातील रानगाढवाचा भाईबंद म्हणून एका ओळीत उरकले आहे. वस्तुतः कच्छचा घुडखर ही आशियाई रानगाढवाची उपजात असून, कियांग ही तिबेट व पूर्व लडाखातील चांगथांगच्या ४,००० मीटरहून उंच पठारावर राहणारी, अंगाने थोराड अशी स्वतंत्र जात आहे. हिमबिबट्यावर मात्र परिच्छेदामागून परिच्छेद आहेत (२०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशातील ७१८ पैकी ४७७ लडाखातच आहेत, हे खरे). माझ्या मते अधिक काळजी शापोची, म्हणजे लडाखी उरियलची, वाटायला हवी, कारण भरल हा मेंढीसारखा डोंगरी प्राणी उंच कड्यांच्या आधाराने निभावून नेतो, परंतु शापो ही रानमेंढी सिंधू आणि श्योक नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, नेमकी जिथे गावे, शेते आणि रस्ते आहेत तिथेच चरते.